तिला वाईटच राहू द्या!

मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते आणि कथाविस्तार लिहिणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्यापैकी एका वाहिनीने नुकतीच एक चांगली-भली वाईट बाई सुधारून टाकली. वाहिनीचं आणि मालिकेचं नाव घेत नाही. ज्यांचं त्यांना कळेल. आज त्यांनी केलं, उद्या तुमच्यातलं दुसरं कुणी करेल, म्हणून पत्र सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर 'हिला काय पडलंय' असं वाटायचं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीवर, दिवाणजी आहे. दिवसभर हळदीच्या पट्ट्या (विकलेल्या मालाची शेतकऱ्याला द्यायची बिलं), वजनातली तूट, तोलाई, हमाली, शेतकऱ्यांनी आगाऊ घेतलेली उचल यांचा हिशोब. संध्याकाळी स्वयंपाक उरकून सासूबाईंच्या शेजारी बसून मालिका. आणि वर्षातून एकदा जमलं तर हौशी नाटकात काम. त्यात मला कायम कजाग जाऊ, खाष्ट नणंद, पैशाला चिकट मावशी असल्याच भूमिका मिळतात. माझा चेहराच तसा आहे म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण नाटक संपल्यावर विंगेत येऊन बायका भांडतात ते माझ्याशीच. सोज्वळ नायिकेशी कुणी येऊन भांडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

तर ती मालिका. थोरली बहीण, बिनलग्नाची, वडील अंथरुणाला खिळलेले, दोन भाऊ आणि दोघेही बिनकामाचे. वडिलांची हळदीची अडत ती चालवते. ती खोटं बोलते. धाकट्या बहिणीचं स्थळ मोडते, कारण लग्न ठरलं की वाटणी मागितली जाणार. आईच्या पाटल्या गहाण टाकते आणि आईलाच विचारते, 'कुठं ठेवल्यास गं?' अशी बाई मराठी मालिकेत, मुख्य भूमिकेत आणि रोज! यार्डात हळद निवडायला येणाऱ्या बायकासुद्धा सकाळी आल्या आल्या तिचा उद्धार करायच्या. बोटं मोडायच्या आणि संध्याकाळी पुन्हा बघायच्या.

एक प्रसंग सांगते. एक म्हातारा शेतकरी पट्टी घ्यायला आलाय. हिने वजनात जास्तीची तूट लावलेली आहे. म्हाताऱ्याला ते कळतं. पण त्याने हिच्याकडून उचल घेतलेली, त्यामुळे बोलायची सोय नाही. तो पट्टीची घडी करतो, टोपीत ठेवतो, टोपी नीट बसवतो. ही त्याच्याकडे बघत नाही, पेनाला टोपण लावते. त्याच रात्री ही घरी त्याच म्हाताऱ्याच्या नातीच्या लग्नासाठी अहेराचं पाकीट भरते. नोटा मोजते, पाकिटात घालते. मग शंभराची एक नोट बाहेर काढून परत पर्समध्ये ठेवते. संवाद नाही, मागे व्हायोलिन नाही. ज्याने हे लिहिलं त्याने अडतीच्या गादीवर बसून वर्षं काढलेली आहेत, नाहीतर ती एक नोट सुचत नाही. आमच्या दुकानात त्या नोटेवर दोन दिवस चर्चा झाली. मालक मात्र त्या चर्चेत बोलले नाहीत.

मग काय झालं? एका भागात बाई देवळाच्या पायरीवरून घसरल्या. डोक्याला मार. तीन भाग बेशुद्ध. शुद्धीवर आल्या त्या थेट संत होऊन. साडी फिकट, केस मोकळे, डोळ्यांत पाणी. सगळ्या शेतकऱ्यांना अंगणात बोलावून तुटीचे पैसे परत, व्याजासकट आणि रोख! (यार्डातली माणसं त्या दिवशी इतकी हसली की सौदे उशिरा सुरू झाले.) बिनकामाचा धाकटा भाऊ एका रात्रीत कारस्थानी झाला, कारण कुणीतरी वाईट हवंच. माझ्या सासूबाई दोन भाग बघून म्हणाल्या, "आता हिला काय झालं गं? बरी होती की!"

माझी पहिली आणि मुख्य तक्रार सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलीच आहे. तुम्ही म्हणाल, प्रेक्षकांना नायिका आवडत नव्हती, आकडे पडले. आकड्यांचं काम कसं चालतं ते आम्हालाही आता ठाऊक आहे. देशभरातल्या हजारो घरांत बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचा मीटर बसवलेला असतो, घरातला माणूस बघायला बसला की आपलं बटण दाबतो, आणि त्या हिशोबावर गुरुवारी तुमचं नशीब ठरतं. पण त्या मीटरला कळतं ते एवढंच, की कोण बसलंय आणि किती वेळ बसलंय. तो खुशीत बसलाय की दात-ओठ खात बसलाय, ते मीटरला कळत नाही. मग 'आवडत नाही' हा शोध तुम्ही कशावरून लावलात? नायिका आवडत नाही आणि मालिका आवडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला ती बाई आवडत नव्हतीच. आवडावी म्हणून आम्ही बसतच नव्हतो. उद्या ही कुणाला बुडवणार, आणि बुडवताना तिच्या चेहऱ्यावर काय दिसणार, ते बघायला बसत होतो.

बरं, समजा आकडा खरंच पडला. मग मालिका बंद करा. कितीतरी मालिका बंद होतात, त्याचं दुःख नाही. पण माणूस तोच ठेवून त्याच्या आतलं सगळं काढून टाकायचं आणि वर 'कथेला नवं वळण' म्हणून जाहिरात करायची, हे काही बरोबर नाही. नटीची कीव आली. शंभर भाग जिने डोळ्याचं पातं न हलवता काम केलं, तिला आता रोज तुळशीपुढे रडायला लावलंय.

दुसरी तक्रार जुनी आहे, पण ती या निमित्ताने बोलतेच. पुरुषाला वाईट राहायला तुम्ही वर्षंच्या वर्षं देता. 'देवमाणूस' घ्या. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात घडलेल्या खुनांवर बेतलेली, चित्रीकरणही तिकडचंच. बोगस डॉक्टर, एकामागून एक बायकांना फसवतो, मारतो. २०२० साली सुरू झाली, २०२१ च्या अखेरीला दुसरं पर्व आलं, २०२५ मध्ये आणखी एक. किरण गायकवाडने काम इतकं चोख केलं की माझी भाची दवाखान्यात जाताना 'डॉक्टर कोणता आहे' विचारायला लागली. तीन-तीन वेळा तो माणूस परत आला आणि एकदाही कुणाला वाटलं नाही की याला देवळाच्या पायरीवरून घसरवू, म्हणजे सुधारेल.

'रात्रीस खेळ चाले' मधले अण्णा नाईक तर २०१६ च्या पहिल्या पर्वात सुरुवातीलाच मेले होते. लोकांना त्यांची ओढ लागली, तर २०१९ मध्ये तुम्ही काळच मागे नेलात आणि माधव अभ्यंकरांना जिवंत उभं केलंत. बाईलवेडा, कपटी, घरच्यांना धाकात ठेवणारा माणूस, आणि सगळी मालिका त्याच्या खांद्यावर. गंमत म्हणजे त्याच मालिकेतल्या शेवंतेला, अण्णांच्या त्या दुसऱ्या बाईला, लोकांनी तितकंच उचलून धरलं. म्हणजे बाईचं पाप प्रेक्षकाला सोसत नाही, हे तुमचं गणित तुमच्याच मालिकेने चुकीचं ठरवलं होतं. तुम्ही त्यावरून शिकलात काय? तर पुढच्या मालिकांतल्या बायकांना लाल साड्या नेसवल्यात!

'माझ्या नवऱ्याची बायको' चं म्हणाल, तर गुरुनाथ साडेचार वर्षं बायकोला फसवत राहिला, आणि त्याला सुधारायची घाई कुणी केली नाही. राधिकेला मात्र पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत गुणीच राहावं लागलं. तिने मसाल्याचा धंदा काढला, मोठा केला, आणि मला सारखं वाटत राहिलं, अगं बाई, धंद्यात एकदा तरी कुणाला टोपी घाल की. धंदा करणारी बाई आहेस.

परदेशात हे नाही असं समजू नका. 'ब्रेकिंग बॅड' मध्ये रसायनशास्त्राचा मास्तर अमली पदार्थ बनवतो, माणसं मारतो, आणि लोक त्याचे चाहते. त्याला जाब विचारणारी बायको मात्र लोकांना नकोशी. तिचं काम करणाऱ्या ॲना गनला इतके शिव्याशाप मिळाले की २०१३ साली तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. पण त्या मालिकेच्या लोकांनी निदान बायकोचं पात्र लोकांना खूश करायला गोड केलं नाही. आपल्याकडे खलनायिका करणाऱ्या नट्यांना लोक भर बाजारात ऐकवतात, फोनवर घाण लिहून पाठवतात. त्यांनीच मुलाखतींतून सांगितलंय. त्या वेळी वाहिनी काय करते? 'हीच तिच्या अभिनयाची पावती' म्हणून मोकळी होते. ही माझी तिसरी तक्रार समजा. एवढीच आहे, पण तिच्यात चेष्टा नाही.

चौथी: वाईट बाई तुम्ही लिहीतच नाही, फक्त सजवता. भुवई वर, कपाळावर नागमोडी टिकली, जिन्यावरून उतरताना ढॅण्‌ ढॅण्‌ संगीत. तिला वाईट का वागावंसं वाटतं याचा पत्ता नाही. तिला कर्ज नाही, भीती नाही, झोप न येणारी रात्र नाही. ज्यूसच्या ग्लासात गोळी टाकणं हा तिचा पूर्णवेळ व्यवसाय. यार्डात मी खऱ्या चिकट, खऱ्या खोटारड्या बायका-पुरुष रोज बघते. त्यातलं कुणीही जिन्यावर थांबून स्वतःशी मोठ्याने बोलत नाही.

आणि आता पाचवी, जी खरं तर पहिली लिहायला हवी होती इतकी मला डाचते. तुम्हाला वाटतं, नावडती पात्रं तुम्ही टाळता. टाळत नाही हो! तुमचे आवडते म्हणून पाठवलेले नायकच आम्हाला आवडत नाहीत. लग्नाआधी मुलीचं मनगट धरून तिला लग्नमंडपातून ओढत नेणारा. सूड म्हणून लग्न करणारा आणि मग बायकोला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवून एका रात्रीत माफ होणारा. तिची नोकरी परस्पर सोडवून 'तुझ्या भल्यासाठी' म्हणणारा. हे सगळं मंद दिव्यांत, पावसात, बासरीवर. मी माझ्या नणंदेच्या मुलीबरोबर असला एक भाग बघत होते, ती दहावीत आहे. ती म्हणाली, "मामी, हा चांगला आहे ना?" मी म्हटलं, "दाखवतात तर तसंच." पुढे काय बोलावं ते सुचेना. वाईट माणूस वाईट म्हणून दाखवला तर त्या पोरीला मी समजावून सांगू शकते, किंबहुना सांगावंही लागत नाही. वाईट माणूस चांगला म्हणून दाखवला की माझं काम अवघड होतं. तेव्हा 'वाईट पात्र दाखवलं तर समाजावर काय परिणाम होईल' हा तुमचा युक्तिवाद कृपा करून मला ऐकवू नका. परिणाम व्हायचा तो या बासरीवाल्यांचा होतोय.

मी अशा माणसांचा गौरव मागत नाही, हेही सांगून ठेवते. वाईट बाईला टाळ्या मिळाल्या पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. तिला शिक्षा झाली तर होऊ दे. पण ती तिच्याच कर्माने होऊ दे, लेखकाला गुरुवारी भीती वाटली म्हणून नको. आणि शेवटच्या आठवड्यात कुंकू लावून, पाया पडून, सगळ्यांबरोबर हसत फोटो काढणं ही तर शिक्षाही नाही आणि माफीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, सांगलीसारख्या गावातल्या बायकांना असलं झेपणार नाही. हे वाक्य आमच्याबद्दल मुंबईत बोललं जातं हे मला माहीत आहे, कारण आमच्या नाटकमंडळीतला एक जण तुमच्याकडे संवाद लिहायला गेला होता आणि तिथून ते ऐकून आला. म्हणून थोडं आमच्या गावाबद्दल. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथे केलं, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. त्या खेळांत देवांबरोबर राक्षस यायचे, अलल्लल डुर्र करत, आरोळ्या ठोकत, आणि लोक राक्षसांची वाट बघत बसायचे. असल्या नाटकांना नावच 'अललडुर्र' पडलं. देवल शेजारच्या हरिपूरचे. त्यांच्या 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव बायकोवर संशय घेणारा, आणि बायको कृत्तिका त्याच्याहून वरचढ संशयी. १९१६ पासून लोक त्या दोघांना हसतायत, आणि दुसऱ्या अंकात कृत्तिकेला उपरती झाल्याचं मी तरी कुठल्या प्रयोगात बघितलं नाही. खाडिलकर तर सांगलीतच जन्मले. त्यांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी'त आनंदीबाई उभी केली. तिला सत्ता हवी आहे, ती नवऱ्याला पुढे ढकलते, आणि तिला लोकांसमोर गोड करण्याच्या भानगडीत खाडिलकर पडले नाहीत. आमच्या पणज्यांना आनंदीबाई झेपली. आम्हाला पट्टीतली तूट झेपणार नाही?

रोज बावीस मिनिटं, आठवड्याला सहा भाग, हे सोपं काम नाही हे मी मानते. आम्हाला दोन तासांचं एक नाटक बसवताना तीन महिने जातात आणि तरी तिसऱ्या अंकाला कुणीतरी संवाद विसरतंच. रोजच्या रेट्यात लेखकाला वळण हवं असतं, आणि अपघात, स्मृतिभ्रंश, जुळी बहीण ही वळणं हाताशी असतात. पण तुमच्याकडे कथाविस्तार, पटकथा, संवाद अशी तीन-तीन नावं पडद्यावर येतात. तिघांनी मिळून एक बाई वर्षभर वाईट ठेवता येऊ नये?

मागण्या साध्या आहेत, लिहून घ्या.

मुख्य पात्र जाहीर करताना ते जसं सांगाल, तसं शेवटपर्यंत ठेवा. त्यात बदल होईल तर तो गोष्टीतून होऊ दे. डोक्याला मार लागून स्वभाव बदलण्यावर निदान दोन वर्षं बंदी घाला. जमत नसेल तर मालिका चार ओळींचं निवेदन देऊन थांबवा. आम्ही रुसू, पण समजून घेऊ.

संध्याकाळच्या वेळांपैकी एक तरी वेळ ठरावीक भागांच्या मालिकेला द्या. शंभर भाग, सव्वाशे भाग, शेवट आधीच लिहिलेला. नावडती माणसं अशाच गोष्टीत टिकतात. अनंत चालणाऱ्या मालिकेत कुणालाही अखेर तुळशीपुढे यावंच लागतं.

वाईट वागणारी पात्रं करणाऱ्या नट्यांना त्रास झाला, तर वाहिनीने आपल्या नावाने त्याचा निषेध करावा आणि पोलिसांत तक्रार द्यायला बरोबर माणूस द्यावा. पावती वगैरे म्हणू नये.

मनगट ओढणारे नायक एकतर बंद करा, नाहीतर त्यांना सरळ खलनायक म्हणा. मधलं काही नको.

आणि लेखक शोधायचे तर गोरेगावच्या बाहेर पडा. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची सांगली केंद्रावरची प्राथमिक फेरी होते, तेव्हा तुमचा एक माणूस पाठवा. तिकीट थोडक्या पैशांत मिळतं. इथे तासगावचा बेदाणेवाला, मिरजेची नर्स, पलूसचा मास्तर असली माणसं संहिता लिहितात. त्यांच्या नाटकांत बक्षीस मिळवण्याची खटपट असते, कधी रडारडही असते, पण त्यांना आपल्या गावातली वाईट माणसं नावानिशी ठाऊक आहेत.

शेवटचं. या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर जाहीर द्या. 'प्रेक्षकांच्या भावनांचा आम्ही आदर करतो' असलं काही नको. त्या एका मालिकेपुरतं सांगा, ती बाई सुधारायचा निर्णय कुणी घेतला, कोणत्या आठवड्यात घेतला, आणि त्या वेळी ज्याने पाकिटातली नोट लिहिली होती, त्या लेखकाला विचारलं होतं का.

आपली नियमित प्रेक्षक,
मार्केट यार्ड, सांगली